सगे, सोयरे आणि केसपेपर

बालरोगतज्ज्ञाच्या केसपेपरवर कुटुंबाविषयी बहुधा दोनच प्रश्न असतात: कुटुंब एकत्र की विभक्त, आणि आईवडिलांचे लग्न नात्यातले आहे काय. ज्या संकल्पनांवर समाजशास्त्राने ग्रंथ रचले, त्या आपण अर्ध्या मिनिटात उरकतो. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील मुले तपासताना या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा फसवी निघतात, असा माझा अनुभव आहे. उत्तर देणाऱ्याचा त्यात दोष नसतो.

पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात सांगतो. एका चुलीवर जेवणारे ते घर. कुटुंब त्याहून मोठे असू शकते. अ. मो. शहा यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात हा भेद नीट मांडला आहे. वडील आखातात, आई मुलासह डिचोलीत भाड्याच्या खोलीत; कागदावर हे विभक्त कुटुंब. पण चतुर्थीला सारे मूळ घरी एकाच गणपतीपुढे जमतात, आणि बाळाला वरचे अन्न कधी द्यावयाचे ते तिथली आजी ठरवते. म्हणून मी ‘तुमचा गणपती कुठे?’ असेच विचारतो.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. ‘नात्यात लग्न झाले का?’ यावर ‘नाही, डॉक्टर’ असे उत्तर येते, आणि पुढे बोलता बोलता कळते की मुलाची आई ही त्याच्या वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी आहे. यात लपवाछपवी नसते. आपली भाषा रक्ताच्या माणसांना सगे आणि लग्नाने जोडलेल्यांना सोयरे म्हणते. मामाचे घर ही तर मुळातच सोयरीक. शिवाय गोत्र वेगळे, त्यामुळे शंकेला जागाच राहत नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातील आप्तसंबंधांवरील ग्रंथात दाखविले, की उत्तरेत असे विवाह निषिद्ध, दक्षिणेत इष्ट, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये: मामाची मुलगी चालते, आत्याची बहुधा चालत नाही, मावशीची तर बहीणच.

अनुवंशशास्त्र हे भेद मानत नाही. चुलत, मावस, आते, मामे, कोणतीही पहिली भावंडे घ्या. त्यांची सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. साटेलोट्याने झालेल्या दोन लग्नांची मुले तर एकाच वेळी आतेभावंडेही आणि मामेभावंडेही. त्यांच्यात हे प्रमाण एक चतुर्थांश होते. सर्वसाधारण दांपत्याच्या अपत्यात जन्मजात दोषाचा संभव शेकडा दोन ते तीन मानतात. पहिल्या भावंडांच्या विवाहात तो सुमारे चार ते सहा होतो. म्हणजे शंभरांतील चौऱ्याण्णवांहून अधिक मुले याबाबतीत निर्दोष जन्मतात, हेही पालकांना तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवे. उगाच धास्ती घालून सुनेच्या माहेराला दोष देण्याचे निमित्त आपण पुरवू नये.

मात्र थेट नाते नसले म्हणून निश्चिंत होता येत नाही. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली गेले. त्याआधी दोन्ही सावंतवाडीकडे होते. राज्ये बदलली तरी तेरेखोल नदीपलीकडे आणि दोडामार्गाकडे सोयरिकी होतच राहिल्या, पण बहुधा त्याच जातीत, ठरावीक गावांत. पिढ्यान्‌पिढ्या असे झाले की पणजोबांपलीकडे दोन्ही घरे एक निघण्याचा संभव वाढतो. गोव्यात १९१० च्या कायद्याने लग्न हा नागरी करार ठरला आणि निबंधकापुढे दोनदा सह्या होतात. नोंदणीत नवराबायकोची नावे पक्की होतात, थॅलसेमियाचे वाहक दोघेही आहेत काय हे त्यात दिसत नाही. ते रक्त तपासूनच कळते. दोघे वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात चारांत एक धोका असतो, म्हणून ही तपासणी सह्यांच्या आधी झालेली बरी.

तोवर निदान प्रश्न तरी बदलू. इंग्रजीत ‘कझन’ म्हटले की सगळे एकाच पोत्यात. मराठीत आते, मामे, चुलत, मावस हे शब्द म्हणजे अर्धी वंशावळच. ‘तुमच्या सासूबाईंचे माहेर कुठले, आणि तुमचे?’ एवढे विचारावे. दोन्ही नावे एका वाड्याची निघाली, की कागदावर रेघा ओढावयास घ्याव्यात. आजी सोबत असेल तर पेन्सिल तिच्या सांगण्याप्रमाणे चालवावी.