उघडें पडलेलें दार

जुन्या दारावरचा रंग काढणें हें निम्मेंच काम आहे. पिढ्यान्‌पिढ्या चढलेले तेलरंगाचे थर उतरले, खालचें सागवान दिसूं लागलें, कीं मालक समाधान पावतो आणि दार तसेंच कोरडें उभें राहतें. कोल्हापुरासारख्या पावसाळी गांवीं तें एकाच मोसमांत काळवंडतें, फुगतें व उंबऱ्यास घासूं लागतें.

पुष्कळांचा रंग तर पुरानेंच काढला आहे. २००५, २०१९ व २०२१ या सालीं पंचगंगेचें पाणी शहरांत शिरलें. सुतारवाड्यासारख्या सखल वस्तींत तें आधीं येतें. अशीं भिजलेलीं दारें लोक उन्हांत उभीं करतात. तें करूं नये. लांकडाचा बाहेरचा भाग झपाट्यानें आकसतो, आंतला ओलाच राहतो आणि फळी उभी चिरते. गाळ धुऊन दार सावलींत, खालीं ठोकळे देऊन आडवें ठेवावें. जाड चौकट वाळावयास कित्येक आठवडे लागतात. त्यास इलाज नाहीं.

रंग हातानें काढणारांनीं शिशाची आठवण ठेवावी. घरगुती रंगांतील शिसें दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्या देशांत नोव्हेंबर २०१७ पासून अंमलांत आला. त्यापूर्वींच्या थरांत शिसें असण्याचा पुष्कळ संभव असतो. म्हणून ते ज्योतीनें जाळूं नयेत, कोरडे घासूं नयेत. ओले करून खरवडावे व लहान मुलांस तेथें फिरकूं देऊं नये. कॉस्टिक सोड्यानें काम लवकर होतें खरें, पण सागवान त्यानें काळें पडतें, आणि लांकडांत मुरलेला सोडा नवा थर टिकूं देत नाहीं. सोडा वापरलाच असेल, तर पाण्यानें, मग पातळ व्हिनेगरनें व पुन्हा पाण्यानें धुवावें.

आतां लेप कोणता? लाखेचें पॉलिश दिसावयास देखणें. परंतु पाणी लागतांच त्यावर पांढरे डाग उमटतात. तें माजघराच्या दारास शोभेल. रस्त्यावरच्या दारास मी जवसाचें शिजविलेलें तेलच सुचवीन. रंगारी त्यास बेलतेल म्हणतात. फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या दिवसांत काचकागदानें लांकडाच्या रेषांच्या दिशेनें घासावें आणि स्पिरिटच्या फडक्यानें पुसावें, कारण सागवानाचें अंगचें तेल नव्या लेपास आड येतें. पहिला हात निम्मे टर्पेंटाईन मिसळून द्यावा. मुरलें नाहीं तें तेल पुसून काढावें, नाहींतर दार चिकट राहून धूळ धरतें. पूर्ण वाळल्यावर दुसरा व तिसरा हात, तोही पातळच.

तेलाच्या चिंध्यांचा बोळा मात्र कोपऱ्यांत टाकूं नका. हें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन वाळतें व त्या क्रियेंत उष्णता निर्माण होते. ती बोळ्यांत कोंडली म्हणजे चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या पाण्यांत बुडवाव्यात किंवा उघड्यावर सुट्या पसराव्यात.

शेवटीं दार बिजागऱ्यांवरून उतरवून त्याची खालची कड पाहावी. तेथें उभ्या लांकडाचीं तोंडें उघडीं असतात, पावसाचे शिंतोडे तींच सर्वांत अधिक पितात, आणि नेमकी तीच जागा रंगाऱ्याच्या कुंचल्यास सांपडत नाहीं. तिला तेल पिईल तितकें पाजावें, व दर वर्षीं मृगापूर्वीं पुन्हा एक हात द्यावा.