कोल्हापुरीची निर्यात: शुल्काच्या भिंतीपलीकडे

अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५पासून बऱ्याच भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. दोनच दिवसांनी ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफीही गेली. थेट गिऱ्हाइकाला एकेक जोड पाठवणाऱ्या छोट्या कारागिराला हा घाव जास्त खोल बसला.

५० टक्क्यांचा तो दर फेब्रुवारी २०२६मध्ये उतरला, तरी असा भार भाव पाडून पेलणार नाही. नावाची किंमत वसूल करायला हवी. कोल्हापुरीला २०१९पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. मिलानमधल्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन ब्रँडने कोल्हापुरीसारख्या चपला श्रेय न देता दाखवल्या; त्या वादानंतर, डिसेंबर २०२५मध्ये, लिडकॉम आणि लिडकर या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी प्राडाने करार केला.

अमेरिकेपलीकडेही बाजार आहे: जुलै २०२५च्या भारत-ब्रिटन व्यापार करारात पादत्राणांवरचं शुल्क हटवण्याची तरतूद आहे. निर्यातीच्या कागदपत्रांसाठी टपाल खात्याची डाक घर निर्यात केंद्रं मदत करतात.