सैनिकी सेवेतील छळ व हालअपेष्टा

सैन्यात सेवा करीत असताना सैनिकाला सोसाव्या लागणाऱ्या शारीरिक व मानसिक यातनांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. शत्रूचा मारा, प्रतिकूल हवामान, उपासमार, रोगराई व युद्धकैद यांतून उद्‌भवणाऱ्या यातनांना हालअपेष्टा म्हणतात. तर स्वतःच्याच सेनेतील वरिष्ठाने अधिकाराचा दुरुपयोग करून दिलेल्या त्रासाला छळ म्हणतात. मारहाण, शिवीगाळ, जाहीर अपमान, खाजगी कामासाठी राबवून घेणे इत्यादींचा छळात समावेश होतो. हालअपेष्टा काही प्रमाणात सैनिकी पेशात अटळ असतात. छळ तसा नसतो. तथापि ही सीमारेषा नेहमीच स्पष्ट राहत नाही. अन्न, वस्त्र व औषधे यांची तरतूद न करता सैन्य मोहिमेवर धाडल्यास होणारे हाल हे दैवापेक्षा प्रशासनाच्या हलगर्जीपणाचे फळ ठरतात. सैनिकाला नोकरी सोडून जाता येत नाही आणि हुकूम मोडणे हा गंभीर गुन्हा समजला जातो. त्यामुळे त्याने दाद कोठे मागावी, हा या विषयातील मूलभूत प्रश्न होय.

वेतन व रसद : मराठ्यांच्या इतिहासात सैनिकांच्या हालांची कारणे बहुधा तुंबलेला पगार व तुटलेली रसद ही होती. पानिपतच्या मोहिमेत अहमदशाह अब्दालीने सदाशिवरावभाऊंच्या छावणीची रसद तोडली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी सैन्याला उपासमारीने खंगलेल्या अवस्थेत रणांगणात उतरावे लागले. पगार थकल्यास शिपाई सरदाराच्या दारी धरणे धरीत. दाद मागण्याचा तोच एक रूढ मार्ग होता. वऱ्हाडच्या इतिहासालाही या प्रश्नाने वळण दिले. हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा पगार निजामाकडून वेळेवर होईना. ईस्ट इंडिया कंपनीने तो भागवून त्याचे कर्ज निजामाच्या नावे मांडले. अखेर १८५३ च्या तहाने या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला. एलिचपूर (अचलपूर) येथे या फौजेची छावणी होती.

शारीरिक शिक्षा : यूरोपीय सैन्यांत शिस्तीचे साधन म्हणून फटक्यांची शिक्षा दीर्घकाळ रूढ होती. कंपनीच्या फौजेतील हिंदी शिपायांना ही शिक्षा देण्याची प्रथा गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक याने १८३५ मध्ये बंद केली. गोऱ्या सैनिकांच्या बाबतीत मात्र ती चालूच राहिली. पुढे १८४५ मध्ये हिंदी शिपायांनाही ती मर्यादित स्वरूपात पुन्हा लागू करण्यात आली. ब्रिटिश सेनेत ती १८८१ मध्ये रद्द झाली; हिंदी सेनेत मात्र त्यासाठी १९२० साल उजाडावे लागले. म्हणजे पहिल्या महायुद्धात ज्या अपराधासाठी गोऱ्या सैनिकाला फटके मारता येत नसत, त्याच अपराधासाठी हिंदी शिपायाला ते मारता येत.

कुट-अल्-अमारा : मराठी सैनिकांच्या हालअपेष्टांचे ठळक उदाहरण म्हणजे मेसोपोटेमियातील (सध्याच्या इराकमधील) कुट-अल्-अमाराचा वेढा. जनरल टाउनशेंडच्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३ व ११० मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ मराठा या पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना बिनस्प्रिंगांच्या गाड्यांतून नदीपर्यंत व तेथून गर्दीने भरलेल्या पडावांतून बसऱ्याला आणण्यात आले. जखमांवरील पट्ट्याही अनेक दिवस बदलल्या गेल्या नाहीत. माघार घेतलेल्या सैन्याला ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी कुट येथे वेढले. हा वेढा सुमारे पाच महिने चालला. शिधा घटत गेला. भाजीपाल्याअभावी हिंदी शिपायांत स्कर्व्ही रोग पसरला. घोड्याचे मांस खाण्यास धर्मगुरूंची अनुज्ञा मागविण्यात आली, तरी अनेकांनी शेवटच्या काही आठवड्यांपर्यंत ते घेतले नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार लोक शरण आले. त्यानंतर अधिकाऱ्यांना आगबोटीने बगदादला नेण्यात आले, तर भुकेने क्षीण झालेल्या शिपायांना भर उन्हात पायी हाकलण्यात आले. पुढे अनेकांना रेल्वेमार्गाच्या कामावर जुंपले गेले. हिंदी कैद्यांची एक मोठी छावणी रास-अल्-ऐन येथे होती. हजारो कैदी कैदेतच मरण पावले. खुद्द टाउनशेंडला मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवण्यात आले होते. मेसोपोटेमिया आयोगाच्या १९१७ च्या अहवालात वैद्यकीय व्यवस्थेच्या अपयशाचा ठपका भारत सरकारवर व सेनाप्रशासनावर ठेवण्यात आला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. सैनिकांचे हाल हे शासनाचे उत्तरदायित्व आहे, हे तत्त्व त्यामुळे निदान कागदोपत्री मान्य झाले.

नाविकांचा उठाव : वागणुकीविषयीचा असंतोष किती दूरवर जाऊ शकतो, हे मुंबईतील १९४६ च्या उठावावरून दिसून येते. ‘तलवार’ या नाविक प्रशिक्षण केंद्रात निकृष्ट अन्न आणि मुख्य अधिकाऱ्याची वंशद्वेषी शिवीगाळ यांविरुद्ध १८ फेब्रुवारी रोजी नाविकांनी काम व जेवण नाकारले. नाविकांच्या तक्रारींची आधी योग्य दखल घेतली गेली नव्हती. थोड्याच दिवसांत सुमारे वीस हजार नाविक संपात सामील झाले. मुंबईतील गोळीबारात दोनशेहून अधिक लोक ठार झाले. २३ फेब्रुवारी रोजी संप मागे घेण्यात आला. त्यानंतर न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला.

स्वातंत्र्योत्तर काळ : चीनबरोबरच्या १९६२ च्या युद्धात ईशान्य सीमेवरील अनेक सैनिकांना पुरेशा हिवाळी कपड्यांशिवाय अतिउंचीवर लढावे लागले. एप्रिल १९८४ पासून भारतीय सेना तैनात असलेल्या सियाचीन हिमनदीच्या प्रदेशात तपमान उणे ५० अंश सेल्सिअसच्याही खाली जाते. तेथे गोळीपेक्षा थंडी, विरळ हवा व हिमलोट यांनी अधिक बळी घेतले आहेत. अधिकाऱ्याच्या दिमतीस दिलेल्या ‘सहायक’ सैनिकाकडून घरगुती कामे करून घेण्याच्या प्रथेवर संसदीय समितीनेही टीका केली आहे.

कायदेशीर संरक्षण : संविधानाच्या अनुच्छेद ३३ अन्वये सैन्यातील शिस्तीसाठी सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर संसदेला मर्यादा घालता येतात. त्याबरोबरच भूसेना अधिनियम, १९५० च्या कलम ४७ नुसार हाताखालील व्यक्तीवर बळाचा गुन्हेगारी वापर करणाऱ्या अथवा तिला अन्यथा वाईट वागविणाऱ्या वरिष्ठाला लष्करी न्यायालय सात वर्षांपर्यंत कारावास देऊ शकते. कलम २६ अन्वये पीडित सैनिकाला वरिष्ठांकडे गाऱ्हाणे मांडता येते. परंतु हे गाऱ्हाणे अधिकारपरंपरेतूनच वर जात असल्याने, ज्यांच्या कक्षेत अन्याय घडला त्यांच्याच हातून ते पुढे सरकावे लागते. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी २००७ च्या अधिनियमाने सशस्त्र सेना न्यायाधिकरण स्थापन झाले; त्याचे एक न्यायपीठ मुंबईत आहे. सेवाविषयक वाद व लष्करी न्यायालयांच्या निर्णयांवरील अपिले ते ऐकते. बदली व रजा हे विषय मात्र त्याच्या कक्षेबाहेर आहेत.

अन्य देशांतील व्यवस्था : स्वीडनने १९१५ मध्ये सैनिकांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपाल नेमला. पश्चिम जर्मनीने १९५६ मध्ये संसदेला जबाबदार असणाऱ्या सेना-आयुक्ताची तरतूद संविधानातच केली. कोणत्याही सैनिकाला वरिष्ठांना डावलून थेट त्याच्याकडे लिहिता येते. याउलट सोव्हिएट सैन्यात जुन्या सैनिकांनी नवागतांचा छळ करण्याची प्रथा बळावली होती. तिच्याविरुद्ध १९८९ मध्ये सैनिकांच्या मातांनाच संघटित व्हावे लागले. तक्रार ऐकणारा जितका सेनेच्या अधिकारपरंपरेबाहेरचा, तितके सैनिकाचे संरक्षण अधिक विश्वसनीय ठरते, असे या अनुभवांवरून दिसते.