थंडीत कान-गळा जपा

पौष महिना म्हणजे निफाडकडे कडाक्याचा गारठा. कधी कधी पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. त्यात शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली, तर गव्हाला पाणी भरायला रात्रीच जावे लागते. अंगात स्वेटर असतो, वर घोंगडी असते. पण तोंड, कान आणि गळा उघडाच! मग कान ठणकतात, ओठ फुटतात, डोळ्यांतून पाणी गळतं. असं का होतं, ते आपण पाहू.

आपलं शरीर आत सुमारे ३७ अंश ऊब राखतं. कातडीलगत ऊबदार हवेचा एक पातळ थर असतो. बोचरा वारा तो थर उडवून नेतो. कान पातळ असतात, म्हणून ते आधी गारठतात. गळ्यातल्या मोठ्या रक्तवाहिन्या कातडीच्या जवळून जातात. शिवाय सदऱ्याच्या गळ्यातून वारा थेट छातीवर शिरतो.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा. कापड ऊब तयार करत नाही. कापडात अडकलेली कोरडी हवा आपली ऊब धरून ठेवते. म्हणून एका जाड कापडापेक्षा दोन पातळ कापडे बरी. दोहोंच्या मध्ये हवा राहते. लोकरीच्या कुरळ्या धाग्यांत हवा पुष्कळ मावते. सुती उपरणे भिजले, की उलट गारवा देते.

तेव्हा असे करावे. कानटोपी कानांच्या पाळ्यांखाली ओढावी. मफलरचा एक सैल वेढा गळ्याला द्यावा आणि त्याचा पदर नाकापर्यंत घ्यावा. श्वासाने तो ओला झाला, की कोरडी बाजू पुढे आणावी. एक कोरडे फडके जवळ असू द्यावे. ओठांना खोबरेल लावावे. त्याने ओठ फुटत नाहीत. ऊब मात्र मिळत नाही. पहाटे कांदे लावायला जाणाऱ्या बायांनी पदराखाली कानांवरून रुमाल बांधावा. नुसत्या पदराने वारा अडत नाही.

मफलरची टोके मात्र लोंबती ठेवू नयेत. ती स्वेटरच्या आत खोवावीत. आमच्या गावी एका शेतकऱ्याच्या मफलरचे टोक कडबा कुट्टीच्या पट्ट्यात गुंतले. गड्याने झटकन बटण बंद केले, म्हणून गळ्यावर वळ उठण्यावर निभावले. नाहीतर काय झाले असते, ते सांगायला नको. यंत्राजवळ जाताना मफलर काढून कानटोपीच ठेवावी, हे सर्वांत चांगले.

काही मंडळी म्हणतात, “घोटभर दारू घेतली की ऊब येते.” ही फसगत आहे. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. अंगाला गरम वाटतं, पण आतली ऊब बाहेर निघून जाते.

आणखी एक. कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हात लुळा पडला, तर “वारा लागला” म्हणून शेकत बसू नका. तो अर्धांगवायू असू शकतो. तिथे एकेक मिनिट मोलाचे असते. १०८ क्रमांकावर फोन करा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

आज रात्री घरचं कोणी पाणी भरायला निघालं, तर दारातच थांबवा. कान झाकले का? टोके खोवली का? एवढं पाहा, मगच कंदील हाती द्या.