एअरगनची दुर्बीण झिरो धरत नाही? आधी स्क्रू बघा, मग मुलांना बोला

२०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले आणि आमच्या शाळेतले पालकही नेमबाजीची चौकशी करू लागले. एका अब्बांनी आठवीतल्या लेकीसाठी स्प्रिंगची एअरगन घेतली, वर दुर्बीण बसवून. दोन महिन्यांनी आमच्याकडे आले. "सर, पोरीचा हातच स्थिर नाही. सकाळी मध्यावर लागतं, संध्याकाळी दोन बोटं डावीकडे. क्लास बंद करतो." मुलगी मान खाली घालून उभी. आम्ही म्हटलं, आधी बंदूक बघू.

तिचे जुने कागद मागवले. पाच-पाच छर्रे जवळजवळ लागलेले, पण अख्खा गठ्ठाच सरकलेला. हात थरथरला तर छर्रे चहूकडे विखुरतात. गठ्ठा एकत्र राहून जागा बदलत असेल, तर बहुतेक वेळा काहीतरी सैल झालेलं असतं.

स्प्रिंगच्या बंदुकीची खोड वेगळी आहे. घोडा दाबला की आतला पिस्टन जोरात पुढे जातो, बंदूक मागे येते. पिस्टन पुढे जाऊन थांबला की बंदूक पुन्हा पुढे झटकते. असे दोन उलटसुलट धक्के प्रत्येक छर्‍याला. त्याने दुर्बिणीची पकड हळूहळू मागे सरकते. म्हणून पकडीला खालून एक पिन असते, ती बंदुकीवरच्या खाचेत बसली पाहिजे. पुष्कळ जण ती बसवतच नाहीत. (दुकानदारही सांगत नाहीत, हे आमचं दुखणं.)

आम्ही पकडीच्या पुढे पेन्सिलने रेघ मारली आणि वीस छर्रे मारायला लावले. रेघ आणि पकड यांच्यात फट दिसली. पिन हवेत होती, एका बाजूचा स्क्रू बोटाने फिरत होता. अब्बा गप्प.

स्क्रूला हात लावण्याआधी बंदूक रिकामी आहे, स्प्रिंग ताणलेली नाही, हे मोठ्या माणसाने स्वतः बघावं. नळी मोडून भरायची बंदूक असेल तर बोटं सांभाळा. स्क्रू दोन्ही बाजूंनी थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. जीव खाऊन आवळले तर दुर्बिणीची नळी चेपते. लाकडी दस्त्याचे स्क्रूही बघा, तेही ढिले होतात.

एवढं करूनही झिरो हलत असेल तर दुर्बीण उतरवून बंदुकीच्या साध्या माशीवर मारून बघा. गठ्ठा जागेवर राहिला तर दोष दुर्बिणीत किंवा पकडीत. मोठ्या रायफलसाठी बनलेल्या काही दुर्बिणी हा पुढचा झटका सोसत नाहीत, आतूनच मोडतात. चाक शेवटच्या टोकापर्यंत फिरवून ठेवलं असेल तर आतली स्प्रिंग नीट दाब देत नाही, तेव्हाही नेम भटकतो. शिवाय १०० यार्डांसाठी जुळवलेल्या दुर्बिणीतून १० मीटरवर बघताना डोळा जरा हलला की फुली निशाणावरून सरकलेली दिसते. गाल रोज एकाच जागी टेकवायचा.

छर्‍यांचा डबा बदलला तरी गठ्ठा हलतो. बंदूक कधी घट्ट, कधी सैल धरली तरी हलतो. स्प्रिंगची बंदूक हलक्या हातावर टेकवावी, आवळू नये.

अब्बा प्रत्येक छर्‍यानंतर चाक फिरवत होते, त्याने गोंधळ वाढला होता. पाव मिनिटाच्या चाकाचा एक टिक १० मीटरवर साधारण ०.७ मिलिमीटर सरकवतो, म्हणजे दोन सेंटीमीटरला अठ्ठावीस-एक टिक. पाच छर्रे मारा, गठ्ठ्याचा मध्य काढा, मगच चाकाला हात.

पिन बसवली, स्क्रू आवळले, झिरो नव्याने घेतला. पुढच्या रविवारी पेन्सिलची रेघ जागेवर होती, गठ्ठाही. क्लास चालू आहे. १० मीटर एअर रायफलच्या सामन्यात दुर्बीण चालत नाही, छिद्राची निशाणी लागते, म्हणून आता तिचा सराव क्लासच्या रायफलवर होतो. घरची एअरगन अब्बाच वापरतात.