पाळीव मुंग्या आणि बांधावरच्या मुंग्या

केनियातील नैवाशा येथे २०२५ च्या एप्रिल महिन्यात दोन बेल्जियन तरुण पकडले गेले. त्यांच्याजवळ हस्तिदंत नव्हते, गेंड्याचे शिंगही नव्हते. कापसाचे बोळे लावलेल्या दोन हजारांहून अधिक नळ्या होत्या आणि त्यांत सुमारे ५,००० मुंग्या होत्या. परदेशातील हौशी लोक मुंग्यांची वसाहत काचेच्या पेटीत पाळतात आणि अशा वसाहतीसाठी राणी मुंगीला चांगली किंमत देतात. त्या व्यापारासाठी हा माल चालला होता. मे महिन्यात न्यायालयाने या दोघांना, तसेच दुसऱ्या प्रकरणातील आणखी दोघांना, प्रत्येकी १० लाख केनियन शिलिंग दंड अथवा वर्षभराचा कारावास फर्मावला.

जेथे साखरेचा डबा पाण्याच्या परातीत ठेवावा लागतो त्या आपल्या घरांतून ही वार्ता हसण्यावारी नेली जाणे साहजिक आहे. तथापि कीटक पाळणे ही कल्पना भंडारा जिल्ह्याला परकी नाही. येथील ढिवर कुटुंबे पिढ्यान् पिढ्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा रेशमाच्या अळ्या वाढवीत आली आहेत. आंधळगावच्या मागांवर जे वस्त्र उतरते त्याचा आरंभ या राखणीत असतो. तुतीवरचा रेशीमकिडा घरात वाढतो. कोशाची अळी मात्र उघड्या रानात वाढते. म्हणून पक्षी, गांधीलमाश्या आणि मुंग्या यांच्यापासून तिला दिवसभर जपावे लागते. कोवळ्या अळ्यांच्या बाबतीत मुंगी ही तर पहिली वैरीण. मुंगीच्या चालीकडे इतक्या बारकाईने पाहणारा माणूस पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांत क्वचितच सापडेल.

केवळ जिज्ञासेपोटी मुंग्या पाळणाऱ्यांत सर जॉन लबक यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. हे गृहस्थ व्यवसायाने पेढीवाले. इंग्लंडात बँकांना सुट्टी देणारा १८७१ चा कायदा त्यांच्याच खटपटीने झाला, तेव्हा कारकून वर्गाने तरी त्यांचे स्मरण ठेवावयास हरकत नाही. त्यांनी दोन काचांच्या मध्ये माती भरून घरटी केली, एकेका मुंगीवर रंगाचा ठिपका देऊन तिच्या हालचाली टिपल्या आणि १८८२ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याला न दिसणारे अतिनील किरण मुंगीला जाणवतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांची एक राणी जवळजवळ १५ वर्षे जगली! यासाठी साहित्य लागले ते काच, माती, पाणी आणि चिकाटी. यांपैकी पहिल्या तीन वस्तू आपल्या कोणत्याही माध्यमिक शाळेत मिळतील.

आणि तरीही आपला विद्यार्थी कीटकाचे जीवनचक्र फळ्यावरून वहीत उतरवतो आणि वहीतून उत्तरपत्रिकेत. अंडे, अळी, कोश, प्रौढ हे चार शब्द त्याला पाठ असतात. त्यांतील एकही अवस्था त्याने डोळ्यांनी पाहिलेली नसते. ही स्थिती भातखाचरांच्या आणि मालगुजारी तलावांच्या जिल्ह्यात असावी, याचे वैषम्य वाटते. मुक्ताबाईंच्या अभंगातील मुंगी गूढार्थाची असेल. बांधावरची मुंगी मात्र पावसाळ्यात खरोखरच पंख लावून उडते. मीलनानंतर काळ्या मुंगळ्यांची राणी जमिनीवर उतरते आणि स्वतःचे पंख स्वतःच गाळून टाकते. अशी एक राणी काचनळीत ठेवावी. नळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, तोंडाशी दुसरा बोळा आणि वरून काळा कागद, एवढी व्यवस्था पुरते. पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर पडेपर्यंत ती काहीही खात नाही. निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू विरघळवून त्यांवरच स्वतःचे आणि पिलांचे पोषण करते. ही गोष्ट वर्गातील मुलांनी एकदा पाहिली म्हणजे ती पाठ करावी लागत नाही.

परंतु छंद वेगळा आणि बाजार वेगळा. दूरदेशीच्या, विशेषतः अगदी लहान चणीच्या उष्णकटिबंधीय मुंग्या विकत घेण्याचा मोह घातक होय. फेअरो मुंगीचेच उदाहरण घ्या. जेमतेम दोन मिलिमीटर लांबीची ही पिवळसर मुंगी कोणत्याही फटीतून निसटते. तिच्या वसाहतीत राण्या अनेक असतात आणि नवी वसाहत करण्यासाठी तिला उडावेही लागत नाही. थोड्या मुंग्या अंडी-अळ्या उचलून शेजारच्या भिंतीत बिऱ्हाड थाटतात. औषध फवारावे तर एका वसाहतीच्या चार होतात. व्यापाराच्या मालाबरोबर ती जगभर पसरली आहे आणि इस्पितळांतून जखमांच्या पट्ट्यांपर्यंत पोहोचलेली आहे. हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावर बाहेरून आलेल्या पिवळ्या मुंग्यांनी लाखो तांबडे खेकडे मारले. परदेशी कीटक देशात आणण्यावर आपल्याकडे १९१४ च्या कायद्यापासून निर्बंध आहेत, ते उगाच नव्हेत.

तेव्हा मुंगी पाळावी ती आपल्याच बांधावरची, एकच राणी, आणि वर्ष सरल्यावर वसाहत जेथून आणली तेथेच सोडावी. विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडतात, म्हणजे पावसाची सुरुवात बहुधा हातची जात नाही. त्या दिवसांत प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात न राहता विज्ञानशिक्षकाच्या हाती असली म्हणजे झाले.