घरच्या शुश्रूषेतील तंत्रज्ञान : रुग्णाची बाजू

पक्षाघात, कर्करोग किंवा निव्वळ वार्धक्य यांमुळे घराबाहेर पडू न शकणाऱ्या रुग्णांचा प्रश्न रुग्णालयांतील खाटा वाढवून सुटत नाही, हे केरळने लवकर ओळखले. कोझिकोड येथे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या वेदना व उपशामक उपचार संस्थेच्या कार्यातून तेथे लोकसहभागाची परंपरा उभी राहिली. २००८ मध्ये राज्याने त्याविषयी धोरण स्वीकारले. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या परिचारिका रुग्णाच्या घरी जाऊ लागल्या.

मार्च २०२० मध्ये केंद्र शासनाने दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली व पुढच्याच महिन्यात ई-संजीवनीची सेवा थेट घरापर्यंत आली. यातून होणारी बचत रुग्णाला नेमकी ठाऊक असते. भाड्याचे वाहन, जिना उतरवण्यासाठी दोन माणसे, त्या दोघांची बुडणारी मजुरी, आणि एवढे करून औषध बहुधा तेच राहते. म्हणून नियमित पाठपुराव्यासाठी दूरध्वनी त्याला हवाच असतो.

अडचण निराळी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील केवळ ३३.३ टक्के स्त्रियांनी कधी तरी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हे प्रमाण ५७.१ टक्के होते. अंथरुणाला खिळलेली वृद्धा तर या वयोगटाच्याही पलीकडची. तिच्या वतीने फोन धरतो तो मुलगा किंवा सून. सांकेतिक क्रमांकही त्यांच्याच फोनवर येतो. मग घरातल्या वागणुकीविषयी, किंवा लघवीवर ताबा राहत नाही हे ती डॉक्टरांना सांगणार कशी? परिचारिका आली की कूस बदलताना, जखम धुताना अशा गोष्टी आपोआप निघतात. शय्याव्रण पडद्यावर दिसतो, पण त्याची दुर्गंधी कळत नाही आणि मूत्रनलिका पडद्यावरून बदलता येत नाही. शिवाय उपरोक्त तत्त्वांनुसार अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीतील औषधे दूरसल्ल्यातून लिहून देता येत नाहीत. म्हणजे ज्याला मॉर्फिनची गरज सर्वाधिक, त्याचेच काम अडते.

अर्थशास्त्राच्या भाषेत येथे खर्च कमी होत नाही, तो शासनाकडून कुटुंबाकडे सरकतो. रक्तदाब मोजणे, छायाचित्र पाठवणे ही परिचारिकेची कामे विनावेतन सुनेकडे येतात व कोणत्याही हिशेबात दिसत नाहीत. रुग्णांची खरी भीती हीच, की फोन आला म्हणजे भेट बंद होईल. कित्येकांकडे आठवड्यात बाहेरचे दुसरे कोणी येतच नाही. तेव्हा उपकरणांची तरतूद परिचारिकेच्या प्रवासखर्चातून कापून केली आहे की स्वतंत्रपणे, एवढे अंदाजपत्रकात आधी पाहावे.